ब्लँकेट वाटण्याआधी पाड्यावर एक फेरी

ठाण्यात थंडी असते ती जेमतेम दीड-दोन महिने. डिसेंबरच्या मध्यावर एके पहाटे पंखा बंद करायला उठावं लागतं, आणि 'आपणही यंदा ब्लँकेट वाटू या' हा पहिला मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच सकाळी पडतो. मग वर्गणी, मग खरेदी, मग सगळ्यांना जमेल असा रविवार. टेम्पो निघेपर्यंत संक्रांत उलटून गेलेली असते. शहापूर, मुरबाड, जव्हारकडच्या पाड्यांवर थंडी आपल्याआधी येते आणि जास्त बोचते. तिथे जवळ समुद्र-खाडी नाही, रात्रभर ऊब धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या भिंती नाहीत, आणि निरभ्र रात्री उघड्या माळाची जमीन भराभर गार होते. आपल्याला थंडी वाजेपर्यंत थांबलं, तर त्यांचे कडाक्याचे दिवस निम्मे सरलेले असतात.

म्हणून हे काम दसऱ्याला हाती घ्यायचं. त्याला दुसरंही कारण आहे. घरातले माळे रिकामे होतात ते दिवाळीच्या साफसफाईत. त्या आठवड्यात बाजूला निघालेले स्वेटर, शाली, सुती साड्या एक तर बोहारणीकडे जातात, नाही तर घंटागाडीत. डिसेंबरात मागायला जाल तर बोहारणीनेही नाकारलेलं तेवढं तुमच्या वाट्याला येईल. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक विंगच्या लॉबीत खोका ठेवला आणि लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी उचलला, तर चांगला माल हाती लागतो.

खोका ठेवण्याआधी मात्र मोजणी करायची. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

पाडा ठरला की तिथली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई गाठायची. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजीही मदत करतात, पण घराघरातली माणसं अंगणवाडीच्या ताईंना जास्त ठाऊक असतात. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वय त्यांच्या नोंदवहीत असतं. त्यांना दोन प्रश्न विचारायचे: 'ताई, पाड्यात घरं किती?' आणि 'डिसेंबरात त्यातली उघडी किती असतात?' दुसरा प्रश्न बहुतेक मंडळी विचारत नाहीत. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातली कातकरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. तुम्ही साठ घरांसाठी माल घेऊन जाता, निम्म्या घरांना बाहेरून कडी असते, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते भिवंडी-कल्याणच्या नाही तर पनवेल-कर्जतकडच्या भट्टीवर कच्च्या विटांची कोपी, म्हणजे खोपट, रचून झोपलेले असतात. नवी मुंबईकरांना तर भट्ट्या पाड्यांपेक्षा जवळ आहेत. तिथे जायचं तर मालकाला आधी सांगावं लागतं. विटा पाडण्याचं काम पहाटेच्या अंधारातच सुरू होतं, त्यामुळे दुपारी ही माणसं दमून पडलेली असतात. आठवड्याच्या खर्चीचा (घरखर्चाचे पैसे हातात मिळण्याचा) आणि बाजाराचा दिवस कोणता ते विचारून तो टाळायचा आणि संध्याकाळी पाचनंतर जायचं.

तिसरा प्रश्न: 'गेल्या हिवाळ्यात इथे कोण आलं होतं?' येऊरच्या पाड्यांवर जायला ठाण्यातून अर्धा-पाऊण तास पुरतो, म्हणून सगळ्यांची पावलं तिकडे वळतात. तिथे गरज नाही असं मुळीच नाही, पण एकाच घरात तीन मंडळांची तीन ब्लँकेटं आणि मुरबाडच्या आतल्या पाड्यात एकही नाही, हे टाळणं आपल्या हातात आहे. येऊरला जायचंच असेल तर तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो हे ध्यानात असू द्या. वनखात्याच्या नाक्यावर आधी कल्पना द्यायची, प्लास्टिकची वेष्टणं ठाण्यातच काढून टाकायची आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचं.

आता आकडे. घरटी दोन मोठी ब्लँकेटं धरा, कारण मुलं आईच्या कुशीत एकाच पांघरुणात झोपतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला एक. बाळंतीण असलेल्या घरी एक जास्तीचं, शिवाय सुती दुपटं आणि टोपडं. एकूण बेरजेवर दहा टक्के वर ठेवा. शेवटच्या क्षणी पुढे येणारं एखादं घर प्रत्येक पाड्यात असतं. 40 उघड्या घरांना 80, सहा एकट्या वृद्धांना 6, चार बाळंतिणींना 4, म्हणजे 90. वरचे धरून 99. शंभरचा माल घ्या.

खरेदीत दिसण्यावर जाऊ नका. गुबगुबीत, फुलाफुलांचं मिंक ब्लँकेट हाताला फार मऊ लागतं, पण ते पॉलिस्टर असतं. पाड्यावर आणि भट्टीवर रात्री शेकोटी पेटलेली असते. ठिणगी उडाली की पॉलिस्टर वितळतं, भोक पडतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसाला पानिपतचं जुन्या लोकरीच्या धाग्यापासून विणलेलं ब्लँकेट बरं. व्यापारी त्याला शॉडी म्हणतात. ते दिसायला करडं, हाताला खरखरीत असतं, पण ऊब धरतं. माप साधारण 5 बाय साडेसात फूट, वजन दीड ते दोन किलो. दुकानदाराकडून एक नमुना घरी आणा आणि काठाचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर लोकर आहे. काळी टणक गुठळी झाली तर प्लास्टिकचा धागा. दोन्ही दिसलं तर मिश्रण, आणि शॉडीत थोडं मिश्रण असतंच. मग नमुना उजेडासमोर धरा. चाळणीसारखा उजेड आला तर वीण सैल आहे, दोन धुण्यांत जाळी होणार. शेवटी वजनकाट्यावर ठेवा. ठरवलेल्या वजनापेक्षा हलका माल येणं ही या खरेदीतली नेहमीची फसगत आहे, म्हणून बिलावर नगांबरोबर वजनही लिहून घ्या आणि गाठी उतरवताना कुठलीही पाच ब्लँकेटं तोलून पाहा.

पैसे कमी पडले तर ब्लँकेटांची संख्या थोडी कमी करा, पण चटया घ्याच. थंडी खालून येते. मातीच्या जमिनीवर झोपणाऱ्याच्या अंगावर दोन ब्लँकेटं टाकली आणि पाठीखाली काहीच नसलं, तर अंगातली ऊब रात्रभर जमीन ओढून घेते. मग तो एक ब्लँकेट खाली अंथरतो आणि एकच पांघरतो. 4 बाय 6 फुटांची साधी प्लास्टिकची चटई आणि तिच्यावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी एवढ्याने मोठा फरक पडतो. भट्टीवरच्या कोपीसाठी दव अडवायला एक ताडपत्रीही लागते.

गोधडीचा विचार मात्र जरूर करा. सोसायटीत जमलेल्या सुती साड्यांचा याहून चांगला उपयोग नाही. साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा वार पन्ह्याची. 5 बाय 7 फुटांच्या गोधडीला तीन साड्या घेतल्या तर जोड धरून पाच थर बसतात. मधल्या थरात विरलेली चादर चालते, पण वरचा आणि खालचा थर धडक्या साडीचा हवा. थर घालताना प्रत्येक साडी ओढून, सुरकुती काढून, चारी काठांना कच्चे टाके घालून बसवायची आणि मग कडेकडून आत असा धावदोरा घालत जायचा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर धुतल्यावर आतले थर गोळा होतात आणि गोधडीत कुठे गाठ, कुठे पोकळी तयार होते. जॉर्जेट आणि नायलॉनच्या साड्या वेगळ्या काढा. त्या टाक्यातून सरकतात, ऊब देत नाहीत आणि ठिणगीने वितळतात. हाताने एक गोधडी पुरी व्हायला बरेच दिवस लागतात, म्हणून साड्या खोक्याची वाट न पाहता नवरात्रातच जमवून गोधड्या शिवणाऱ्या बायकांना द्याव्यात, आणि शिलाई रोख द्यावी. दान करायच्या गोधडीची शिलाई फुकट मागू नये.

जुन्या कपड्यांच्या खोक्यातून निम्मं तरी बाजूला पडणार असं धरून चाला. शेरवान्या, खड्यांचे घागरे, उंच टाचांच्या चपला, चेन तुटलेल्या जीन्स, एकेकटे मोजे हे सगळं येतं, आणि देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. खोक्यावर 'जुने कपडे' असं मोघम लिहिलं तर हेच होणार. त्याऐवजी नेमकं लिहा: पुरुषांच्या 28 ते 34 कंबरेच्या पँट, पूर्ण बाह्यांचे शर्ट, सुती साड्या परकरासह, गाऊन, शाली, कानटोप्या, मुलांचे स्वेटर आणि फुल पँट; धुतलेलं, बटणं शाबूत असलेलं. वापरलेले आतले कपडे घ्यायचेच नाहीत. स्वेटर निवडताना वयापेक्षा एक माप मोठं घ्या. 24 नंबर साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाला बसतो. त्याला 26 दिला तर पुढचाही हिवाळा निघतो. प्रत्येक गठ्ठ्यावर वय आणि मुलगा-मुलगी लिहून बांधा. पाड्यावर गोणी उपसून माप शोधत बसलात, तर लहान मुलाच्या हातात मोठ्या माणसाचा टी-शर्ट पडतो.

कपडे दोन उन्हं दाखवून मगच भरा, तेही सुती पिशवीत किंवा गोणीत. ऑक्टोबरात हवेत दमटपणा असतो. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये महिनाभर राहिलेल्या लोकरीला बुरशीचा वास येतो आणि तो धुतला तरी लवकर जात नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: डांबरगोळ्या घालू नका. काही माणसांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं आणि आदिवासी समाजांत हे प्रमाण लक्षणीय आढळतं. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. गोळ्यांचा वास मारणारे कपडे आले तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाका, आणि तरीही बाळासाठी वापरू नका. किडीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

गाडीचं गणित वजनाचं नाही, जागेचं आहे. शंभर ब्लँकेटं, चटया आणि पाच-सहा गोण्या कपडे 'छोटा हत्ती' म्हणतात त्या लहान टेम्पोत आरामात बसतात. दोनशेच्या वर गेलात तर मोठा टेम्पो बघा. ठाण्याहून सकाळी सहाच्या आत निघा, माजिवडा ते वडपे टप्प्यात अडकलात तर पहिला तास तिथेच जातो. पाड्यावर मजुरीला जाणारी माणसं सात-आठला बाहेर पडतात, पण घरात कुणी ना कुणी मोठं असेल याची तजवीज ताईंच्या मदतीने आदल्या दिवशी चिठ्ठ्या देऊन करता येते. चिठ्ठीवर घराचा क्रमांक आणि नगांची संख्या. वाटप रांग लावून नको, घरोघर जाऊन करा. रांगेत धडधाकट पुढे येतात आणि जिला उठवत नाही ती आजी घरातच राहते. गाडीच्या फाळक्यावरून हातात फेकणं, मंचावर बोलावून देणं, देताना फोटो काढणं हे पूर्ण बंद. देणगीदारांना पुरावा हवा असतो, ते रास्तच आहे. त्यांना बिलाचा, गाठींचा आणि भरलेल्या टेम्पोचा फोटो पाठवा, हिशोब नोटीस बोर्डावर लावा. हा खर्च सोसायटीच्या देखभाल निधीतून करू नका, वेगळी वर्गणी काढा. आणि वस्तुरूपात दिलेल्या दानाला आयकरात (80जीची) सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून टाका, म्हणजे मार्चमध्ये पावत्यांवरून वाद होत नाहीत.

शहरातल्या बेघरांचं तंत्र वेगळं. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी जंक्शनच्या पुलांखाली झोपणाऱ्या माणसाला दोन किलोचं ब्लँकेट दिवसा ठेवायला जागा नसते. ते चोरीला जातं किंवा सफाईत उचललं जातं. त्याला सात-आठशे ग्रॅमची घडी होणारी शाल, कानटोपी आणि खांद्याला अडकवायची पिशवी द्या. रात्री साडेदहानंतर दोघा-तिघांनी जावं, झोपलेल्याला हलवून उठवू नये, उशाशी ठेवून निघावं. एखादी आजारी किंवा फार वृद्ध व्यक्ती दिसली तर महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राला कळवावं. केंद्राचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच सोबत घ्या.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. वाणाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी घरटी तेवढ्याच पैशांत कानटोपी किंवा मोज्यांची जोडी जमवता येते. भट्टीवरच्या मुलांना ती जानेवारीअखेरही उपयोगी पडते. वृद्धाश्रमात तिळगूळ न्यायचा तर मात्र चिक्कीचा गूळ वापरू नका. लाडू टणक होतात आणि कवळी लावणाऱ्या आजोबांना ते नुसते हातात धरून बसावं लागतं. एक किलो तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर भरड वाटा, पाव किलो दाण्याचं कूट मिसळा. एक किलो साधा मऊ गूळ बारीक चिरून चार चमचे तुपावर घाला, विरघळून पहिला फेस आला की लगेच गॅस बंद. पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी जमली पाहिजे; ताटलीवर टाकून टण आवाज आला तर पाक पुढे गेला. पाकात तीळ-कूट ढवळा, तुपाच्या ताटात थापून कोमट असतानाच वड्या कापा. पंचवीस ग्रॅमच्या नव्वदेक होतात. मधुमेहींचं काय करायचं ते तिथल्या काळजीवाहू ताईंना विचारा, परस्पर हातात देऊ नका.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर रक्तदान शिबिर ही आपल्याकडची चांगली रीत आहे, पण सगळीकडे तोच दिवस धरल्याने तिचा फायदा घटतो. साठवणीच्या द्रावणानुसार तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त 5 दिवस. शिवाय पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला 3 महिने आणि स्त्रीला 4 महिने थांबावं लागतं. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांनी दिलं, तर मार्चमध्ये थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त लागतं तेव्हा आपल्या सोसायटीतला एकही दाता मोकळा नसतो. रक्तपेढीला फोन करून त्यांना कोणत्या आठवड्यात किती पिशव्या हव्यात ते विचारा आणि दात्यांचे दोन गट करा: एक जानेवारीत, दुसरा मार्चच्या सुरुवातीला. 6 ते 8 खाटा असल्या तर तीन तासांत 50 ते 70 दाते होतात. तेवढीच नावं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा देऊन नोंदवा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. हिवाळ्यात सर्दी-तापामुळे बरेच जण परत पाठवले जातात, हे नोंदणीतच सांगा. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांना चक्कर येते; दाराशीच पोहे आणि पाणी ठेवा. महागड्या भेटवस्तू देऊ नका, त्या मोहाने माणूस आजार लपवतो. हिमोग्लोबिन कमी म्हणून ज्या ताईंना थांबवलं जाईल, त्यांचा आकडा कागदावर लिहून हातात द्या, म्हणजे त्या डॉक्टरांकडे जातील.

फेब्रुवारीत पाड्यावर रिकाम्या हाताने एक फेरी मारा. ब्लँकेट पांघरायला वापरतात की अंथरायला, कुठे भोकं पडली, कोणतं माप कमी पडलं, कोणाचं घर राहून गेलं हे ताईंबरोबर बसून वहीत उतरवा. उरलेली ब्लँकेटं उन्हात टाकून, कडुनिंबाचा पाला घालून गोणीत बांधा आणि पावसात ओल येणार नाही अशा वरच्या मजल्यावर ठेवा. गोणीवर नग आणि वर्ष लिहायला विसरू नका. वही चिटणिसांच्या कपाटात ठेवा, कुणाच्या फोनमध्ये नको. कमिटी बदलली की फोनही जातो.